घाणा, गिरणी आणि पामतेल



आमच्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या आगेमागे, रेशनच्या दुकानात पामोलिन नावाचे तेल मिळू लागले. खंडाळ्याच्या रेल्वे चाळीत आमचे बिऱ्हाड होते. वडील घाटात गँगमन. कार्डावर तेल आले की शाळा बुडवून रांगेत उभे राहण्याचे काम आमच्याकडे असे. पावसाळाभर त्या तेलाविषयी कोणाची तक्रार नसे. पण मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की बाटलीच्या तळाशी पांढरा साका धरू लागे, आणि एखाद्या पहाटे सगळी बाटलीच गोठून बसे. आई ती चुलीच्या कडेला ठेवी आणि म्हणे, "तेल आहेस का तूप आहेस, एकदा काय ते ठरव बाई." आमच्या आजीचा तर त्या तेलावर मुळीच विश्वास नव्हता. ती नाणे मावळातली. तिला तेल म्हणजे खुरासणीचे, आणि तेही डोळ्यांदेखत घाण्यातून निघालेले. "हे कसल्या बियांचं रे?" असे ती विचारी, आणि चाळीतल्या एकालाही उत्तर देता येत नसे.

आजचे आमचे बोलणे म्हणजे आजीच्या त्या प्रश्नाचे चाळीस वर्षे उशिरा दिलेले उत्तर होय. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढे जे काही झाले ते ग्रंथालयात, युनियनच्या कचेरीत आणि कामगारांच्या तोंडून. तेव्हा एखाद्या पंडिताने हा विषय जसा मांडला असता तसा तो आमच्याकडून मांडला जाईल, अशी अपेक्षा श्रोत्यांनी ठेवू नये. आम्हांला या इतिहासात एकच गोष्ट शोधावयाची आहे. ती ही की, तेलाचा धनी कोण, आणि तो कोणत्या कारणाने बदलत गेला?

आरंभ घाण्यापासूनच केला पाहिजे, आणि तो मावळात करावयाचा तर सुदुंबरे येथून. तुकोबारायांचे टाळकरी संताजी महाराज जगनाडे हे चाकणचे तेली. त्यांची समाधी याच आपल्या मावळ तालुक्यात सुदुंबरे येथे आहे. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते. ज्या जातीच्या माणसाने महाराष्ट्राच्या वाणीचे एवढे मोठे धन जतन केले, तिचाच माणूस सकाळी समोर आला तर अपशकुन मानणारी माणसे याच महाराष्ट्रात होती. म्हणून घाण्याचे गोडवे गाताना आमची जीभ जरा अडखळते. घाट उतरून कोकणात गेले तर अलिबागेच्या बाजूला बेने इस्राएल मंडळींचा पिढीजात धंदा तेलाचाच होता. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना नावच 'शनवार तेली' असे दिले. आठवड्याची एक सुट्टी धर्माच्या बळावर मिळवणारे हे आमच्या माहितीतले या भागातले पहिले कामगार! पण तो विषय वेगळा.

घाणा कसा चालतो हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. मोठे उखळ, त्यात तिरपी लाट, लाटेला जोडलेले आडवे लाकूड, त्यावर दगडाचे किंवा माणसाचे ओझे, आणि डोळ्यांना झापड बांधलेला बैल. दिवसभर फिरून मणाच्या आतबाहेर बी निघे. पेंडीत शेकडा दहा-बारा तेल राहून जाई. कारखानदार म्हणतो, तेवढे वाया गेले. वस्तुतः ते बैलाच्या पोटात जाई. आमच्या कामगारांना लोक घाण्याचा बैल म्हणतात. पण घाण्याच्या बैलाला पेंडीत तरी वाटा होता.

या सगळ्यात आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच, आणि ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. खुरासणी, तीळ, करडई, जवस, भुईमूग ही सगळी *बिये* आहेत. बी वाळवून कणगीत भरले की सहा महिने थांबते. शेतकऱ्याला आज भाव पटला नाही तर तो उद्या देतो. एका तेल्याशी भांडण झाले तर दुसऱ्या गावच्या तेल्याकडे जातो. पोतेभर बी असो की पायलीभर असो, घाण्याला दोन्ही चालते. बी थांबते, म्हणून शेतकरीही थांबू शकतो. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

आता घाण्याचे राज्य कसे गेले ते थोडक्यात सांगतो. १८६३ मध्ये आपल्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती बांधताना कामगारांची जी दैना झाली, आणि मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या जानेवारीत त्यांनी जो दंगा केला, त्याविषयी आम्ही कधीकाळी स्वतंत्र बोलूच. रेल्वेमागून घासलेट आले आणि दिव्याचे तेल गेले. १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरून त्याची वीज मुंबईला जाऊ लागली. गिरण्या त्या विजेवर फिरल्या. बैलाच्या जागी विजेचा एक्स्पेलर आला. त्याच्या पेंडीत सहा-सात टक्केच तेल उरे. पुढे द्रावकाने तेल काढण्याची रीत आली, तेव्हा पेंडीत एखादा टक्का राहिला. १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला. तिथे मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा करून 'वर्धा घाणा' तयार केला. तो प्रयत्न मनापासूनचा होता, पण एक्स्पेलरपुढे तो टिकला नाही.

दुसरा घाव वनस्पती तुपाचा. पातळ तेलात हायड्रोजन वायू मुरवून ते घट्ट करण्याची युक्ती नॉर्मन या जर्मन रसायनज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी काढली. १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला वनस्पतीचा कारखाना निघाला आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. पिवळ्या डब्यावरचे ते हिरवे माडाचे झाड आपण सगळ्यांनी पाहिले आहे. गंमत अशी की, झाड माडाचे आणि आत तेल बहुतांशी भुईमुगाचे! साजूक तुपात त्याची भेसळ होऊ लागली तेव्हा सरकारने नियम केला की, वनस्पतीत शेकडा पाच तिळाचे तेल घातलेच पाहिजे. तिळाच्या तेलाला विशिष्ट रसायनांच्या संगतीत तांबडा रंग येतो, त्यावरून भेसळ पकडता येते. तुपातला चोर पकडायला शेवटी घाण्यातला तीळच साक्षीला उभा करावा लागला.

तरीही इथवर बी देशातलेच होते. एक्स्पेलर असो की डालडा असो, भुईमूग खानदेशचा नाही तर सौराष्ट्राचा. पाम आला आणि सगळाच हिशेब फिरला.

पामतेलाचे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. आपल्या माडाचे ते लांबचे भाऊबंद, पण फळ वेगळे. जांभळाएवढी किंवा जरा मोठी नारिंगी-तांबडी फळे, अशी शेकडो फळे एका घडात, आणि घड दहा, वीस, पंचवीस किलोंचा. फळाच्या गरात एक तेल, ते पामतेल. आतल्या बियेत दुसरे, ते निराळे. झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरू लागते आणि पंचवीस-तीस वर्षे देते. चांगल्या बागेत हेक्टरी तीन-चार टन तेल निघते. भुईमुगाचे एक टनही निघत नाही. हा गुण आम्ही मुळीच नाकारीत नाही. जगात पामतेल पसरले ते याच गुणावर.

पण त्याला एक खोड आहे. हे बी नव्हे, हे फळ आहे. घड झाडावरून तुटला, फळाला मार लागला, की गरातले पाचक द्रव्य तेलावर काम करू लागते आणि तेल आंबट होऊ लागते. म्हणून चोवीस तासांच्या आत घड गिरणीत पोचून वाफेच्या भांड्यात शिजला पाहिजे. वाफेने ते पाचक द्रव्य मरते आणि फळे घडातून सुटतात. मग ढोलात घालून ती झाडतात, कुटतात, मळसूत्राच्या दाबाने पिळतात, आणि तेल निवळून घेतात. तासाला पाच टन घड खाणारी गिरणी या धंद्यात लहान समजतात. तिचे पोट भरावयाचे तर जवळपास हजार हेक्टरांची बाग भोवती हवी. कणगीत भरून ठेवण्याची सोय येथे नाही. फळ थांबत नाही, म्हणून शेतकरीही थांबू शकत नाही.

येथे कोणी आम्हांला अडवील, आणि त्याने अडवावेच. आफ्रिकेत गिरण्या येण्यापूर्वी हजारो वर्षे हे तेल निघत होते ते कसे? ते बायका काढीत. झाड परसात आणि हंडा अंगणात. फळ शिजवायचे, उखळात कांडायचे, पाण्यात घालून वर आलेले तेल काढून घ्यायचे. घाई तेव्हाही होतीच, पण झाड आणि हंडा यांच्यात दहा पावलांचे अंतर होते. हे तेल जरा आंबट असे. घरच्या स्वैपाकाला चाले, साबणाला चाले, मेणबत्तीला चाले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या रेल्वेच्या आसांना जे वंगण लावीत, त्यातही पामतेल असे. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी या तेलावर घरे बांधली. पण पुढे युरोपात मार्गारिन, म्हणजे कृत्रिम लोणी, खाण्याची चाल पडली, आणि त्याला बिनआंबट तेल हवे झाले. तेव्हा मोठी बाग आणि मोठी गिरणी यांची जोडी जमली. घाई फळाची खरी; पण गिरणी मोठीच हवी आणि तिच्यावर मालकी एकाचीच हवी, हा हट्ट फळाचा नव्हता, व्यापाराचा होता.

त्या बायकांचे पुढे काय झाले? १९२९ मध्ये नायजेरियात तेलाचे भाव पडले आणि त्याच वेळी बायकांवर कर बसणार अशी वार्ता उठली. हजारो बायका रस्त्यावर आल्या. सरकारने गोळ्या घातल्या. पन्नासहून अधिक बायका मेल्या. बेल्जियन काँगोत साबणवाल्या लिव्हरसाहेबांना १९११ मध्ये प्रचंड प्रदेशातली पामची वने वापरण्याचा करार मिळाला. उंच झाडावर चढून घड तोडायला माणसे राजीखुशीने मिळेनात, म्हणून सरकारी शिपायांच्या जोरावर ती आणली जात. १९३१ मध्ये तिथले पेंडे लोक उठले. तो उठाव दडपताना शेकडो माणसे मारली गेली. आमच्या संघटनेच्या अभ्यासवर्गात हे सांगितले तेव्हा एका कामगाराने विचारले, "दादा, म्हणजे आपला साबण?" होय, साबणच.

पूर्वेकडची कथा चार रोपांपासून सुरू होते. १८४८ मध्ये जावातल्या बोगोरच्या वनस्पती-उद्यानात आफ्रिकेची चार रोपे लावली. त्यांची संतती सुमात्रात तंबाखूच्या मळ्यांतून रस्त्यांच्या दुतर्फा शोभेसाठी लागली, आणि शोभा देत साठ वर्षे उभी राहिली. १९११ मध्ये आद्रियां हाले या बेल्जियन माणसाने सुमात्रात त्याची व्यापारी बाग केली. १९१७ मध्ये मलायात फ्रेंच मळेवाला फोकोनिए याने तेन्नामरान येथे केली. साठ वर्षांत झाड बदलले नव्हते. भांडवल आणि मजूर आले, म्हणून शोभेचे झाड पिकाचे झाले.

मजूर कोठले? मलायात पुष्कळसे आपलेच, तमिळ मुलखातले. कंगाणी नावाचा मुकादम गावोगाव फिरून उचल देऊन माणसे आणी. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमाचाच हा भाऊ. त्या मळेवाल्यांच्या देशात कामगारांची संघटना बांधणारा एस. ए. गणपती हा तंजावरकडचा तरुण. तो अखिल मलाया कामगार महासंघाचा अध्यक्ष होता. पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून इंग्रज सरकारने ४ मे १९४९ रोजी त्याला क्वालालंपूरला फाशी दिले. स्वतंत्र भारताच्या सरकारने रदबदली केली, ती मानली गेली नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे नाव विसरू नये, म्हणून येथे मुद्दाम घेतले.

झाडाच्या विद्येत मात्र याच काळात मोठी भर पडली. जुन्या पामच्या बियेचे कवच जाड असे. त्याला 'ड्युरा' म्हणतात. दुसरी एक जात जवळजवळ बिनकवची, ती 'पिसिफेरा'. या दोहोंचा संकर केला तर कवच पातळ आणि गर जास्त मिळतो, हे काँगोतल्या संशोधकांनी १९४० च्या सुमारास सिद्ध केले. त्या संकराचे नाव 'टेनेरा', आणि आजच्या सगळ्या बागा त्याच्याच. दुसरी भर एका किड्याची. मलेशियात फळ नीट धरत नसे, म्हणून मळ्यांतल्या बायका झाडाझाडाला हाताने पराग लावीत हिंडत. आफ्रिकेत हे काम एक इवलासा सोंडकिडा करतो असे सय्यद नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने दाखवले. १९८१ मध्ये कॅमेरूनचा तो किडा मलेशियात सोडला आणि हजारो बायकांचे काम एका हंगामात संपले. काम कंटाळवाणे होते हे खरे. रोजगार गेला हेही खरे. आपल्या देशात तो किडा १९८५ मध्ये आला.

आता आपल्या पुण्याकडे वळू. हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटेल, आम्हांलाही वाचताना वाटले. १९४६ मध्ये पुण्यात 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था निघाली. तिचे पहिले संचालक प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर. मूळ मालवणचे, कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. १९९२ पासून ही संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या संस्थेने १९४७ ते १९५९ या काळात आफ्रिकेचे ड्युरा जातीचे पाम पुण्याच्या आसपास लावले: कालव्यांच्या बांधांवर, घरांच्या परसांत, आणि बरेचसे जंगलजमिनीत. म्हणजे ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तेलाच्या स्वातंत्र्याचाही विचार केला होता. केरळात तोडुपुळा येथे चाळीस हेक्टरांची पद्धतशीर लागवड झाली ती १९६० मध्ये. पुणे त्याच्याही पुढे होते.

कालव्याचा बांध का निवडला, हे समजणे अवघड नाही. या झाडाला पाऊस नुसता पुष्कळ असून भागत नाही, तो बारा महिने वाटून हवा. आमच्या खंडाळ्यात वर्षाला चार-साडेचार हजार मिलिमीटर पडतो. आकडा पाहिला तर मलाया मागे पडावा! पण तो पडतो चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने आभाळ कोरडे. शिवाय पौषातली थंडी त्याला सोसत नाही. त्याचे तेलच गोठते तर झाड कसे खूश राहील? उन्हाळ्यात एका मोठ्या झाडाला रोज दोनशे लिटरांवर पाणी लागते. हेक्टरी १४३ झाडे. म्हणजे एका हेक्टराला रोज अठ्ठावीस हजार लिटर. हे पाणी कालव्याच्या कडेलाच मिळणार.

पण कालव्याच्या बांधावर ओळीने लागलेली झाडे म्हणजे बाग नव्हे, आणि बागेवाचून गिरणी नाही. जवळच्या गावात घाणे होते, एक्स्पेलर होते. ते या फळाच्या काय कामाचे? घड शिजवणारे वाफेचे भांडेच नाही, तर घड तोडून करावयाचे काय? सुमात्रातल्या तंबाखूच्या मळ्यांप्रमाणे आपल्या बांधांवरही पाम शोभेलाच राहिला, आणि इथे कोणी हाले आला नाही. शास्त्रज्ञांनी झाड आणले यात त्यांचे कर्तव्य संपले. पुढचे काम गिरणीचे, पाण्याचे, भावाचे आणि संघटनेचे होते. ते शास्त्रज्ञांचे नव्हतेच.

ते काम महाराष्ट्राला येत नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. त्याच वर्षांत ते आपण उसासाठी करून दाखवले. ऊस हाही तुटला की थांबत नाही. दिवसाच्या आत गाळला नाही तर उतारा घटतो. म्हणजे उसाला तीच घाई. खाजगी साखर कारखान्याच्या दारात शेतकऱ्याची गाडी उभी, ऊस वाळतो आहे, आणि भाव मालक सांगेल तो. या कोंडीतून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी वाट काढली: गिरणीच शेतकऱ्यांची करा. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. फळाची घाई काही गेली नाही, पण घाईचा फायदा घेणारा परका उरला नाही. अर्थात त्याच सहकाराच्या दारात ऊसतोड कामगार आजही पाचटाच्या कोपीत राहतो, हे सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाता येत नाही. गिरणीचा धनी बदलला. कोयत्याचा धनी मुकादमच राहिला.

पामच्या बाबतीत कायदा उलट्या बाजूने झाला. १९७१ पासून केरळात आणि १९७६ पासून अंदमानात सरकारी महामंडळांनी बागा केल्या. १९८८ मध्ये चढ्ढा समितीने पामला योग्य अशा जमिनी राज्याराज्यांत शोधल्या. त्यानंतर प्रत्येकी हजार हेक्टरांचे प्रात्यक्षिक प्रकल्प आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांत धरले, महाराष्ट्रातला सिंधुदुर्गात. आंध्रात पश्चिम गोदावरीकडे पाणी होते, सपाट जमीन होती. तिथे १९९३ मध्ये कायदा झाला, आणि त्याने गिरणीगणिक टापू नेमून दिले. अमुक टापूतल्या शेतकऱ्याने अमुक गिरणीलाच घड द्यावयाचे, आणि गिरणीने ते घ्यावयाचे. भाव ठरवण्यात सरकार पडले, म्हणून झाड टिकले. आणि भाव मलेशियाच्या बाजाराबरोबर पडला की शेतकरी घडांच्या गाड्या घेऊन रस्त्यावर येतो, हेही तिथे वरचेवर घडले आहे. सिंधुदुर्गाच्या डोंगरउतारावर पाऊस आपल्यासारखाच चौमासी. काजू आणि आंबा उन्हाळ्यात पाणी मागत नाहीत; पाम रोज मागतो. काजूची बी कणगीत थांबते. पामचा घड थांबत नाही. कोकणच्या शेतकऱ्याने कशाकडे वळावे, हे त्याला शिकवायला कोणी नको. गोव्यात वाळपईला गिरणी उभी राहिली खरी. पण देशातल्या पामतेलापैकी शेकडा ९८ आंध्र, तेलंगण आणि केरळ या तीनच राज्यांत निघते, असे सरकारच सांगते.

दरम्यान बाहेरचे तेल येतच होते. आमच्या रेशनच्या रांगेतले पामोलिन सरकारी व्यापार महामंडळाने आणलेले असे. १९८६ मध्ये तेलबियांचे मिशन निघाले, आणि काही वर्षे देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. मग १९९४ मध्ये पामोलिनची आयात खाजगी व्यापाऱ्यांना खुली केली, जकात शेकडा ६५. पुढच्याच वर्षी ती ३० वर आणली. खुरासणी आणि करडईचे शेत ज्यांनी मोडलेले पाहिले आहे, त्यांनी ही दोन वर्षे लक्षात ठेवावीत. आज आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामचा. २०२१ च्या ऑगस्टात केंद्राने पामसाठी ११,०४० कोटींची योजना मंजूर केली. साडेसहा लाख हेक्टर नवी लागवड, आणि बाजार पडला तर फरक भरून देण्याचे आश्वासन. हे आश्वासन आम्हांला झाडाहून महत्त्वाचे वाटते. घाईच्या पिकाला भावाची हमी नसेल तर तो सापळा आहे.

आता त्या तेलाशी आमचा जो प्रत्यक्ष संबंध आला तेवढे सांगतो. मुंबई आणि न्हावाशेवा बंदरांत उतरलेले तेल टँकरांतून कारखान्यांत जाते आणि तिथून घाट चढते. सुमारे वीस वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका तेलशुद्धीच्या कारखान्यात आमची संघटना होती. पामतेल थंड करून गाळले की पातळ भाग निघतो तो पामोलिन, घट्ट उरतो तो स्टिअरिन; साबणाला जातो तो हाच. टँकरच्या पोटात तो गोठतो, म्हणून आतल्या नळीतून वाफ सोडून वितळवावा लागतो. एका पहाटे वाफेची जोडणी सुटली आणि उकळते पाणी एका पोराच्या पायांवर गेले. पोरगा नाणे मावळातला, आजीच्याच खोऱ्यातला. दवाखान्यात गेलो तेव्हा कळले की त्याचे नाव मस्टरवर नाही. तो ठेकेदाराच्या ठेकेदाराचा माणूस. कारखाना म्हणे तो आमचा नव्हे. ठेकेदार म्हणे मी फक्त टँकर मोकळे करून देतो. आजीच्या गावात तेली कोण आणि बैल कोणाचा हे लहान पोरालाही ठाऊक असे. इथे पोळलेल्या पायांचा धनी कोण, हे ठरायला चौदा महिने लागले. भरपाई मिळाली, पण निम्मी.

त्या पैशातून त्याने घाटात वडापावची गाडी टाकली. ती आजही चालते, आणि वडा तळतो पामोलिनमध्येच. पंधरा लिटरचा डबा, दुसरे तेल त्याला परवडत नाही. २०२२ मध्ये २८ एप्रिलपासून इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, तेव्हा डब्याचा भाव पाहून त्याने वडा दोन रुपयांनी वाढवला. २३ मे रोजी ती बंदी उठली. वडा मात्र खाली आला नाही. आम्ही त्याला त्याबद्दल विचारले, तर तो म्हणाला, "दादा, तेल उतरलं, पण बेसन कुठं उतरलंय?"